साळुबाईचा खोकला

बारावी बाई सापडली की जागृतीला डॉक्टरेट मिळणार होती, दिल्लीच्या परिषदेत वीस मिनिटं बोलायला मिळणार होतं, आणि घोडेगावात कापडाचं दुकान चालवणाऱ्या तिच्या वडिलांना, मदनलालशेटना, गिऱ्हाइकांपुढं मिरवायला काहीतरी मिळणार होतं. मिरवताना विषय मात्र गिळावा लागला असता. पोरगी एचआयव्ही असलेल्या गरोदर बायांचा अभ्यास करते, हे शेट "आरोग्याचं कायतरी" एवढ्यावर उरकत.

बाया औषध मध्येच का सोडतात, हा तिचा प्रश्न. अकरा मुलाखती झाल्या होत्या आणि उत्तर जवळपास ठरलं होतं: सासू आडवी येते. बारावी समृद्धी, तळेघरच्या वरच्या वाडीतली. पहिल्या तपासणीला तिनं मुलाखत देईन म्हणून सही केली आणि पुढं नऊ महिने औषध देणाऱ्या सरकारी केंद्राकडं फिरकली नाही. जागृतीनं तिच्यापुढं 'औषध सोडले' असं लिहून टाकलं. तिच्या तक्त्यात हजेरीला रकाना होता. बाटली रिकामी होते का, याला नव्हता.

एसटीनं तळेघर, पुढं तासभर चाल. बाळांची वजनं करायला आलेय, असं सांगायचं ठरलेलं, म्हणून पिशवीत काटा. वाडीतल्या पहिल्याच घरी कुशाबाईनं तिला सावध केलं. समृद्धीच्या सासूला, साळुबाईला, टीबी झालाय. लई खोकते. रोज दुपारी ओट्यावर बसून गोळी घेते, सगळ्या वाडीनं पाहिलंय. त्यात बाई खाष्ट. पहिलं बाळंतपण असून सुनेला माहेरी धाडली नाही.

"वाडीची सुईण ती. आमच्या समद्यांच्या प्वारांना तिनंच न्हाऊ घातलं व्हतं," कुशाबाई म्हणाली. "आता कोन हात लावू दील?"

समृद्धीच्या बाळाला न्हाऊ घालायला आता कुशाबाईच जायची. जागृतीनं मनातल्या मनात सासूचा रकाना भरला आणि तिच्या मागोमाग निघाली.

अंगणात कुशाबाईनं पाय पसरून बाळ पायांवर घेतलं. समृद्धी तांब्या घेऊन उभी. दहा पावलांवर, पडवीत, तोंडाला पदर लावून साळुबाई. तिथून तिचं चालू होतं: पानी गार हाय, मान धर, कानात जाऊ देऊ नगंस. बोलता बोलता तिचे दोन्ही हात हवेतच बाळाची पाठ चोळत होते.

कुशाबाई गेली तशी म्हातारीनं जागृतीला जवळ बसवलं. घोडेगावच्या शेटची लेक ना तू, म्हणाली. केंद्रात पाहिलंय तुला. सुनेचं कार्ड घेऊन दर महिन्याला बाटली न्यायला मीच येते. मग तिनं सगळं सांगितलं. आजार टेंपो चालवणाऱ्या लेकानं, गोरखनं, घरात आणला. गोळ्यांची बाटली एका शेजारणीच्या नजरेस पडली, तेव्हा तोंडाला आलं ते साळुबाई बोलून गेली: माझी हाय, टीबीची. त्या दिवसापासून ती खोकते. ओट्यावर घेते ती रक्तवाढीची लाल गोळी. सुनेची गोळी चुलीपाशी, हिच्या डोळ्यांदेखत. एकही चुकलेली नाही. माहेरी का धाडली नाही, या प्रश्नाला तिनं उलट विचारलं, तिथं कोण खोकलं असतं हिच्यासाठी?

टीबी सहा महिन्यांत बरा होतो आणि सुनेची गोळी जन्मभराची आहे, असं जागृतीनं बिचकत सांगितलं.

"ठावं हाय. सहाव्या महिन्यात परत खोकाय लागले. आता माझा टीबी उलटलाय."

"दार लावून, घरात तरी बाळाला घेत जा की, आजी."

साळुबाईनं मान हलवली. "सवय लागली तर चारचौघांत झेपावंल माझ्याकडं. प्वारांना खोटं जमत न्हाई, बाई."

जागृतीला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पण कुणी पाहिलं असतं, तर शेटची लेक टीबीवालीच्या पाया का पडली, ही चर्चा वाडीभर झाली असती. म्हणून तिनं बाळाला काट्यात घातलं आणि आकडा मोठ्यानं वाचला: पावणेसहा किलो. म्हातारीनं तो दोनदा म्हणवून घेतला.

पुण्याचे मार्गदर्शक ऐकून हरखले. हाच तुझा प्रबंध, म्हणाले. पण खोकणारी सुईण म्हटल्यावर तालुक्यातल्या कुणीही घर ओळखलं असतं. जागृतीनं आधीची नोंद खोडून एवढंच लिहिलं: 'क्रमांक बारा. औषध नियमित. आधार: घरातून.' सासवांचा सिद्धांत लंगडा झाला, सर नाराज झाले आणि दिल्लीला दुसरंच कुणी गेलं.

दीड वर्षाचं झाल्यावर बाळाची शेवटची तपासणी झाली. एचआयव्ही नाही. निकाल न्यायला कार्ड घेऊन साळुबाईच आली. तिनं कागदावरून हात फिरवला, पदरात बांधला आणि एसटीत बसायच्या आधी, वाडीचं कुणी असेल म्हणून, खोकून घेतलं.

तर या आजाराचं मोल कुणी किती भरलं? गोरखनं आजार आणला, भरलं सगळ्यांत कमी. समृद्धी रोज एक गोळी भरते, जागृतीनं दिल्लीची वीस मिनिटं भरली. बाळाला काहीच भरावं लागलं नाही. राहिलेलं सगळं साळुबाईच्या नावावर, आणि ती रोज दुपारी ओट्यावर बसून, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं, अजून भरतेच आहे.