आईचं विरजण

शहरातल्या कॉलेजातून बाराजण आठवडाभर गावचं काम शिकायला आले आणि आमच्या डोंगरावरच्या बारा घरांत एकेक करून वाटले गेले. आमच्या वाट्याला लोरेना आली. माझी खाट तिला, जमीन मला. तेही चाललं असतं. पण दुसऱ्याच दिवशी आईने तिला चीज करायच्या फळीपाशी उभं केलं.

मी सोळा वर्षांची झाले, तरी त्या फळीला मला हात लावू दिला नव्हता. "तुझा हात गरम आहे, रोझी. चीज बिघडतं," हे ठरलेलं. मी आपली बादल्या घासायची. आणि ही, जिला गाईच्या कुठल्या बाजूला बसायचं तेही माहीत नव्हतं, ती साच्यात चीज दाबत होती!

"बघ, किती थंड हात आहे पोरीचा," आई म्हणाली.

"मग बर्फ विकायला बसव तिला."

"तुझ्या का पोटात दुखतंय गं? चार दिवसांची पाहुणी ती."

दुखत होतंच. भट्टीतला पहिला गरम चीजपाव तिच्या बशीत पडायचा. पाचव्या दिवशी तर आईने तिला विरजणाचं मडकं उघडून दाखवलं. मीठ लावलेल्या चीजमधून रात्रभर निथळलेलं पाणी दुसऱ्या दिवशीच्या दुधात घालायचं. पणजीपासून त्यात एका दिवसाचाही खंड नाही. "आमच्या घरची चव यात आहे, बाळा," आई तिला सांगत होती. मला कधी सांगितलं नव्हतं.

सहाव्या दिवशी दोघी गोठ्यात गेल्या आणि मी ते मडकं डुकरांच्या पुढ्यात उपडं केलं. आता शिकव म्हणावं तिला.

आईने रिकामं मडकं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ओरडली नाही. लोरेनाला म्हणाली, "आज सुट्टी. जा, नदीवर जाऊन ये." माझ्या हातात बाटली दिली. "झुल्मिराकडून विरजण आण."

झुल्मिरामावशी आमची शेजारीण, आईला नावाने हाक मारणारी. बाटली भरता भरता म्हणाली, "इव्होनेच्या घरचं विरजण संपलं? आज सूर्य कुठून उगवला?"

"सांडलं."

"सांडलं की सांडवलं?"

मी मान खाली घातली.

"वेडे, अगं, तुझा हात तुझ्या आईच्या हाताहून चांगला आहे. तुला आठवणार नाही, लहानपणी एकदा साचा भरलास, तेव्हाच तिने ओळखलं. मला म्हणाली, ही एकदा फळीला लागली की डोंगर उतरायची नाही, शाळा सुटेल. म्हणून ते गरम हाताचं सोंग. ती शहरातली काय, शिकून परत जाणारच आहे."

घरी येऊन मी आईसमोर उभी राहिले. "मीच ओतलं."

"माहितेय. हात धू."

ती फळीपासून बाजूला सरली. माझ्या आयुष्यातलं पहिलं चीज मी त्या दिवशी केलं.

लोरेना गेली. तीन आठवड्यांनी आईने ते चीज कापलं आणि एक तुकडा बराच वेळ चघळत राहिली.

"छान झालंय," ती म्हणाली. "अगदी झुल्मिराच्या घरचं वाटतं."