मालकांच्या आवाजात

गोदामातल्या कारकुनाला सगळा कारखाना नकल्या म्हणूनच ओळखे. जेवणाच्या सुट्टीत तो मालकांची नक्कल करी. तेच शब्द चावून बोलणं, तेच मध्येच घसा खाकरणं. फर्निचरला पॉलिश करणारा त्याचा जिवाभावाचा मित्र तर हसून हसून बाकावरून खाली यायचा.

एकदा नक्कल ऐन रंगात असताना मागे खुद्द मालक येऊन उभे राहिले. नकल्याची बोबडीच वळली. मालकांनी त्याला आत नेलं आणि फोन पुढे केला.

"हा लाकूडवाला माझं डोकं खातोय. माझ्या आवाजात कटव त्याला."

नकल्याने कटवला. झालं, त्याचं टेबलच मालकांच्या खोलीत आलं. नको असलेला प्रत्येक फोन त्याच्या गळ्यात पडू लागला, तोही बाहेर कुणाला कळू न देता. कुरकुर केली की मालक हसत विचारत, "नोकरी नकोशी झाली का?" घरीही ते खाकरणं सुटेना. बायको वैतागून म्हणे, "माझ्याशी तरी नीट बोला. घरात मालक नकोय मला."

मग एका दुपारी मालकांनी स्वतःच नंबर लावला. "पॉलिशवाला. हात थरथरतात हल्ली त्याचे. उद्यापासून येऊ नको म्हणावं."

"मालक, तो माझा मित्र..."

"असलं बोलायला मला जमत नाही. तुला जमतं."

पलीकडून 'हॅलो' आलं. नकल्या खाकरला आणि शब्द चावत सांगून मोकळा झाला.

"बरं, मालक. फक्त माझ्या त्या कारकून मित्राला तुम्ही सांगू नका. माझ्यासाठी भांडेल नि स्वतःची नोकरी घालवून बसेल. मीच सांगतो त्याला."

समोर मालक 'आटप' अशी खूण करत होते. नकल्याने आटपलं.

संध्याकाळी पॉलिशवाला फाटकाशी थांबला होता. सगळं सांगून म्हणाला, "तू मात्र तोंड उघडायचं नाहीस. माझी शपथ आहे."

"अरे, फोनवर मीच होतो," नकल्या कसाबसा बोलला.

पॉलिशवाल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माझं दुःख हलकं करायला काहीही सांगशील, वेड्या. इतकी वर्षं ऐकतोय, मालकांचा आवाज मला कळत नाही होय?"

खरं करून दाखवायला एकदा खाकरलं की पुरे होतं. नकल्याने तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. मित्र बसमध्ये चढला, खिडकीतून हात हलवत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी फोन पुढे केला आणि नकल्याने तो घेतला.