सत्काराला आलेली माणसं

माजलगावात खताच्या दुकानावरच्या मजल्यावर राजनंदिनीची बायकांची व्यायामशाळा होती. सकाळी शिक्षिका, वकिलीणबाई, कारखान्यातल्या साहेबांच्या बायका तिथं घाम गाळायच्या आणि जिना उतरताना ओढणी सारखी करून, भाजी घ्यायला आलो होतो अशा चेहऱ्यानं घरी जायच्या. राजनंदिनीला त्याचं हसू यायचं. कॉलेजात व्हॉलीबॉल खेळताना तीही ट्रॅकपँटवर पंजाबी ड्रेस चढवूनच घराबाहेर पडायची. आता जिमवर पोट भरत होतं आणि संध्याकाळी ती खेड्यापाड्यातल्या पोरींना मैदानावर फुकट शिकवत होती.

त्यातली संस्कृती म्हणजे तिचा जीव की प्राण. पोर जेमतेम सोळाची, वसतिगृहात राहणारी. पण नेटवर उडाली की समोरच्या संघाचं धाबं दणाणायचं. राज्याच्या संघात तिची निवड झाली आणि पेपरात फोटो आला. फोटोत हाफपँट होती. गावाला तेवढीच दिसली. तेव्हापासून संस्कृती घरी जायलाच तयार नव्हती.

एका सकाळी तिचा बाप धोंडीराम जिन्याखाली येऊन उभा राहिला.

"म्याडम, चुकलं आमचं. पोरीनं गावाचं नाव काढलं आन आमी तोंड वाकडं करून बसलो. रविवारी सत्कार ठिवलाय. अध्यक्ष तुमीच. पोरीला तेवढं संगं घिऊन या."

राजनंदिनी हरभऱ्याच्या झाडावर चढली. इतकी वर्षं तिला एकाही गावानं कधी धड खुर्ची दिली नव्हती आणि आता अध्यक्षपद!

संस्कृती मात्र हटून बसली. "मॅडम, आण्णांनी माझा एक सामना बघितला न्हाई. आता सत्कार कावून?"

"अगं, बाप बदलतोय तर बदलू दे की. मी आहे ना सोबत."

त्या शब्दावर पोर आली.

गावात मोठा मांडव होता. संस्कृतीचा फोटो छापलेला फलक, माइक, शाली, नारळ, सगळं जिथल्या तिथं. धोंडीरामचा थोरला भाऊ विजयसिंह गावचा पुढारी. त्यानं राजनंदिनीच्या खांद्यावर शाल घातली, टाळ्या झाल्या. "पोरीला साडी नेसवून आणतो," म्हणत बायका संस्कृतीला आत घेऊन गेल्या. राजनंदिनी भाषणाची जुळवाजुळव करत असताना एकानं तिच्यापुढं ताट धरलं.

ताटात अक्षता होत्या.

तिनं मान वर केली. भटजी पिशवीतून अंतरपाट काढत होते. फेटा बांधलेला, तिशीला टेकलेला बजरंग नवरदेव होऊन पाटावर बसला होता. मागच्या साली गावातलं असंच एक लग्न अधिकाऱ्यांनी येऊन मोडलं होतं, म्हणून विजयसिंहनं ही शक्कल लढवली होती. सत्काराच्या मांडवात कोण तपासायला येतंय?

आतून किंकाळी आली. राजनंदिनी धावली.

खोलीत दोन चुलत्यांनी संस्कृतीचे हात पिरगाळून धरले होते. धोंडीराम तिचे केस धरून डोकं भिंतीवर आपटत होता. एकदा, पुन्हा एकदा. ओठ फाटून रक्त पिवळ्या साडीवर उतरलं होतं. आई गीताबाई अक्षतांचं ताट घेऊन कोपऱ्यात उभी होती.

"सोडा तिला!"

"म्याडम, तुमी भाईर बसा," विजयसिंह दारात आला. हातात मांडवाचा लोखंडी पाइप. "नंगी नाचवली पोरगी तुमी. आता आमी झाकतो."

राजनंदिनीनं धोंडीरामला खांद्यानं ढकललं आणि ती पोरीवर आडवी झाली. पाइप वर गेला. तिनं दोन्ही हात जोडून पुढं केले, जोराचा चेंडू घ्यावा तसे. कड्‌कन आवाज झाला. उजवा हात मधोमध वाकला आणि ती गुडघ्यावर आली. दुसरा घाव पाठीत बसला, तिसरा कानशिलावर. विजयसिंह शिव्या देत मारतच राहिला. संस्कृतीनं एका चुलत्याच्या हाताचा लचका तोडला, दुसऱ्याला हिसडा दिला, मॅडमच्या खिशातला फोन काढला आणि रक्तानं निसरड्या बोटांनी पोलिसांचा एकशे बारा लावला. धोंडीरामनं लाथ मारून फोन उडवला. पण तोवर पलीकडच्यांना गावाचं नाव ऐकू गेलं होतं.

तो पुन्हा पोरीच्या केसांकडं वळला, तेव्हा गीताबाईनं ते पितळी ताट दोन्ही हातांनी उचललं आणि नवऱ्याच्या तोंडावर हाणलं. तो नाक धरून खाली बसला. आजवर या बाईचा आवाज कुणी ऐकला नव्हता. ती तशीच मांडवात गेली आणि माइकसमोर उभी राहिली.

"माजं चौदाव्या वर्साला लगीन झालं. पयली दोन लेकरं ह्या हातानं पुरली. माजी पोरगी सोळा वर्साची हाय. तिला आत मारायलेत. उठा की कुणीतरी!"

मांडव भरलेला होता. प्रत्येकाच्या मुठीत अक्षता होत्या. कुणी उठलं नाही. बजरंग तेवढा फेटा काढून मागच्या मागं पसार झाला.

पोलिसांची गाडी येईपर्यंत राजनंदिनीनं पोरीला पाठीमागं घेऊन कोपरा सोडला नाही. विजयसिंहला गाडीत घातलं, धोंडीरामला घातलं. मग हवालदार एकेकाला विचारू लागले.

"काय चाललंतं इथं?"

"आमी सत्काराला आलतो, सायेब."

दुसरा तेच बोलला. तिसराही. म्हातारे, तरणे, भजनी मंडळाचे, शाळेतले गुरुजी, सगळ्यांचं उत्तर एकच. बोलताना जो तो मूठ हळूच सोडत होता. खुर्च्यांखाली अक्षतांचा सडा पडला होता आणि त्यावर पाय ठेवून ही शहाणी माणसं उभी होती.

शेवटी हवालदार राजनंदिनीपाशी आले. तुटलेला हात तिनं त्याच सत्काराच्या शालीत गळ्याशी बांधला होता. शेजारी संस्कृती आणि गीताबाई एकमेकींना धरून बसल्या होत्या.

"मीही सत्काराला आले होते," राजनंदिनी म्हणाली. "पण पोरगी येत नव्हती. तिला समजावून मी आणलं. तेही लिहा."

हवालदाराचा पेन थांबला. "म्याडम, असं लिवलं तर तुमच्याव येईल."

तिनं एकदा सगळ्या मांडवावरून नजर फिरवली.

"येऊ द्या," ती म्हणाली. "इथं कुणावर तरी यायला पाहिजे."