नुसता थर

बोटाच्या पेराएवढी नळी तिने उजेडाकडे धरली, तर आत पांढरे तंतू तरंगत होते – नासलेल्या दुधात दिसतात तसे... म्हणजे गेलंच हे. फायब्रोनेक्टिन, म्हणजे पेशी चिकटाव्यात म्हणून प्लेटीच्या तळाला ज्याचा थर देतात ते प्रथिन, हलवायचं नसतं; हलवलं की त्याचे असे तंतू होतात. बर्फातून काढून, तान्ह्या बाळाला जपावं तसं, हळूहळू कोमट होऊ द्यायचं. अकरा वर्षं तिने तेच केलं होतं. आज मात्र नळी हातात होती आणि कानात प्रयोगशाळेच्या सरांचं कालचं बोलणं – शोधनिबंधावर नाव नाही घालता येणार हो ताई, तुम्ही नुसता थर देता ना, पण आभारात नक्की घेऊ – आणि हात आपोआप हलला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आपोआप नव्हे.

तरीही तेच तिने प्लेटींमध्ये ओतलं.

नुसता थर! कोंबडीच्या अंड्यातल्या इवल्याशा गर्भात पेशींच्या वाटेवर हाच तर आधी पसरलेला असतो. त्याला धरून, पाय रोवत त्या सरकतात – कुणी हृदयाकडे, कुणी कण्याकडे – आणि जागेवर पोचल्या की मागे वळून कोण बघतंय? तिच्या खांद्यावर पाय देऊन दोघे धाकटे भाऊ मार्गाला लागले. मोठीच्या लग्नाचं बघू, असं आई म्हणायची... बघूच राहिलं. तिने कधी तोंडातून ब्र काढला नाही. खोटं बोलायचं नाही, एवढा एक नेम मात्र रोज सकाळी हात जोडून पाळत आली.

दुपारी संशोधक मुलगी सूक्ष्मदर्शकावरून उठली ती पडलेल्या चेहऱ्यानेच. साठ अंडी फोडून काढलेल्या पेशी, शेवटच्या; पुढच्या आठवड्यात तिला प्रबंध द्यायचा होता.

"ताई, एकही चिकटली नाही हो. मोहरीसारख्या नुसत्या गडगडताहेत. थर तुम्हीच दिलात ना?"

"मीच दिला."

नेम मोडला नव्हता. आता ही पुढचं विचारेल – नळी कशी होती, हलली का – आणि विचारलं तर सांगायचंच, सगळं, सरांच्या तोंडावरसुद्धा. ती वाट बघत राहिली. कोटाच्या खिशात नळी मुठीत घट्ट धरलेली.

"मग माझंच काहीतरी चुकलं," मुलगी डोळे पुसत म्हणाली. "तुमचा हात कुठला चुकायला."

आणि आपली वही उघडून स्वतःची चूक शोधू लागली, पहिल्या पानापासून.

म्हणजे नासवला तरी थराकडे कुणाची नजर जायची नाही... मुठीतली नळी अंगाएवढी गरम झाली होती. सांगावं? निदान राग तरी धरून ठेवावा म्हटलं, तर कालपासून जपलेल्या त्या रागालाही आता आत कुठे टेकायला जागा सापडेना.