डावीकडचे नट

बायको घर सोडून गेली की माणूस दाढी वाढवतो, दारू पितो, निदान सासऱ्याला फोन करून चार शब्द तरी सुनावतो. दीनानाथांचा जावई गाडीची चाकं बदलत होता! गाडीही कसली, एकोणसत्तर सालचं अमेरिकन धूड. मेलबर्नजवळ ट्रुगानिनाच्या त्या गॅरेजात मावत नव्हतं, म्हणून शेपूट बाहेर. स्टिअरिंगसुद्धा भलत्याच बाजूला. आणि हृषिकेश त्या धुडाखाली उताणा पडून आतूनच विचारत होता, "बाबा, चहा घेतलात ना?"

पुण्याहून दीनानाथ आधी लेकीकडे, सिडनीतल्या पॅरामॅटाला उतरले होते. मंजिरीने तिथे नोकरी धरून दोन महिने झाले होते. तिने रडारड केली नाही की नवऱ्याची कागाळी केली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, मेलबर्नला जा आणि त्याला एकच विचारा. मी का गेले, हे त्याला कळलंय का? रविवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, मी फोन करीन. कळलं असेल तर परत येते. नसेल, तर घर विकायचं बघू. आणि हो, तुम्ही त्याला पढवायचं नाही."

शुक्रवारी पोचल्या पोचल्या दीनानाथांनी विचारून टाकलं. मनात घोळवत बसण्याचा त्यांचा पिंडच नव्हता.

"माहितीये की, बाबा," हृषिकेश लगेच म्हणाला. "गाडीमुळे."

"गाडीमुळे?"

"ती म्हणायची ना, तुझ्याबरोबर निघालं की हाडं खिळखिळी होतात. बरोबरच आहे तिचं. मागचे स्प्रिंगचे पाटे बसलेत, शॉकअब्सॉर्बर गेलेत. सगळं नवं टाकतोय. चाकंसुद्धा मोठी आणि रुंद. आता ग्लासातलं पाणी हलणार नाही, बघाच तुम्ही!"

दीनानाथ बघतच राहिले. हा आपली थट्टा करतोय का? पण चेहरा तर परीक्षेला बसलेल्या पोरासारखा गंभीर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय! याला वेड लागलंय, की हा मुळातच असा आहे, की आपलीच अक्कल या वयात कमी पडतेय, काही केल्या कळेना.

शनिवारी त्यांनी आडून आडून सुचवायचा प्रयत्न केला. पढवायचं नव्हतं, पण नुसता विषय काढायला काय हरकत होती? मात्र जावई वाक्य पुरं होऊ देईल तर शपथ.

"हृषिकेशराव, माणसाला कधीकधी नुसतं..."

"भूक लागली ना? माहितीये. आमटी गरम करतो."

"मंजूचा स्वभाव लहानपणापासून..."

"हट्टी. माहितीये, बाबा. जरा तो मोठा पाना द्या."

दीनानाथांनी पाना दिला. पोरगी का गेली, ते त्यांना एका दिवसात उमगलं होतं. एक दिवस आणखी राहिलो तर मीही जाईन, असं त्यांना वाटायला लागलं. पण मग संध्याकाळी त्यांची नजर गाडीतल्या मंजिरीच्या सीटवर गेली. तिथे कमरेला टेकायला एक उशी होती. हृषिकेशने स्वतः शिवलेली. टाके वाकडेतिकडे, पण दुहेरी घातलेले. आता या माणसाला झोडपावं की पोटाशी धरावं? दीनानाथांचं डोकं पुन्हा चक्रावलं.

रविवारी दुपारपर्यंत गाडीची उजवी बाजू झाली. नवे पाटे, नवी चाकं, आणि सगळी गाडी एका अंगाला कलंडलेली. डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाशी मात्र घोडं अडलं. नट हलेचना. हृषिकेशने तेल सोडलं, ठोकलं, दोन्ही हातांनी पाना ओढला. छे! मग त्याने पान्याला लांब पाइप जोडला.

"अहो, जरा थांबून कुणाला तरी विचारलं तर?" दीनानाथ म्हणाले.

"माहितीये, बाबा. गंजलेत. जोर लावला की सुटतील." असं म्हणून तो पाइपवर चढला आणि त्याने अंगाचा सगळा भार टाकला.

कडाड! नट बोल्टाच्या तुकड्यासकट उडाला आणि जावई फरशीवर आपटला.

"अरे, लागलं का रे तुला?" दीनानाथांचं अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं.

हृषिकेश उठला नाही. तुकड्याकडे बघत राहिला. मग त्याने फोनवर काहीतरी शोधलं, वाचलं, पुन्हा वाचलं.

"बाबा, या जुन्या गाडीला डाव्या बाजूचे नट उलटे असतात. सोडवायला उलटीकडे फिरवायचे. मी इतका वेळ आवळत बसलो होतो." हातातला तुकडा खाली ठेवून तो म्हणाला, "मला माहीत नव्हतं."

दीनानाथांना आधी खरंच वाटेना. या तोंडून हे शब्द?

"मंजू गाडीमुळे नाही ना गेली?"

"मला सांगायची बंदी आहे, बाळा."

"मग का गेली? मला कळत नाहीये, बाबा. खरंच कळत नाहीये." आणि तो चाळिशीचा बाप्या तिथेच बसून रडायला लागला.

नेमका तेव्हाच फोन वाजला. मंजिरी. इकडे आड, तिकडे विहीर. खोटं बोललं तर संसार वाचेल, पण किती दिवस? दीनानाथांनी फोन उचलला.

"काय म्हणाला?"

"नाही गं पोरी. त्याला कळलेलं नाही."

"वाटलंच होतं." तिचा आवाज एकदम थकला. "गाडीबिडी म्हणाला असेल."

"आधी म्हणाला. आता म्हणतोय, मला कळत नाहीये."

"कोण? हृषी?"

"हो. खाली बसलाय. रडतोय."



"आठ वर्षांत एकदा जरी हे म्हणाला असता ना, बाबा..." मंजिरीला पुढे बोलवेना. मग नाक ओढून म्हणाली, "द्या त्याला."

हृषिकेशने ग्रीसचे हात शर्टाला पुसले आणि फोन घेतला.

"मंजू, माहि..." तो तिथेच थांबला. "नाही. तू सांग."

दीनानाथांनी पाना उचलला, पुढच्या नटाला लावला आणि मन घट्ट करून उलटीकडे ओढला. नट करकरला आणि सुटला. मागे मंजिरी फोनवर बोलत होती, पुष्कळ वेळ बोलत होती, आणि तिला मध्ये कुणी तोडत नव्हतं.