माझा अंधारा कोपरा

मित्रांनो, एक्स-रे बघायची जुनी पेटी बोलतेय. समोर दुधी काच, मागे ट्यूबलाइटच्या दोन नळ्या, वर प्लेट अडकवायची पट्टी. लहान मुलांच्या दवाखान्यात बावीस वर्षं मी भिंतीवर होते. संगणक आला आणि मी टेबलाखाली गेले. उद्या भंगारवाला येणार आहे. येऊ दे. पण आपलं म्हणणं मांडल्याशिवाय मी जायची नाही.

माझ्यावर आरोप काय, तर मी चुकीचं दाखवलं. माझी एक नळी थकली होती, कबूल. खालचा कोपरा अंधारा पडायचा. सिस्टरला ते पाठ होतं. प्लेट लावली की ती वर सरकवून बघायची. नळी बदला म्हणून तिने तीनदा सांगितलं, कोणी मनावर घेतलं नाही. त्या दिवशी ती रजेवर होती.

एक मावशी दोन वर्षांच्या भाचीला घेऊन आली. पोरीला चार दिवस ताप होता. छोट्या डॉक्टरांनी प्लेट लावली आणि लांबूनच पाहिलं. "छाती साफ आहे. व्हायरल दिसतंय. घरी न्या."

मावशी जागची हलली नाही. "तुम्ही मघापासून भिंतीकडेच बघताय. पोरीकडे बघा ना जरा. बरगड्या कशा आत ओढल्या जातायत."

ते ऐकून मोठ्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी पोरीचा झगा वर केला, घड्याळ हातात धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. अठ्ठावन्न. या वयाला चाळिसाच्या आत हवेत. छाती तपासली, तर एकाच बाजूला करकर आवाज. मग त्यांनी प्लेट वर सरकवली. न्यूमोनियाचा पांढरा डाग उजेडात आला. छोटे डॉक्टर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू काही तो मीच लपवला होता.

"म्हणजे हे बॅक्टेरियाचंच ना, नक्की?" मावशीने विचारलं.

"नक्की प्लेटही सांगत नाही आणि मीही नाही. असा डाग व्हायरसनेही पडतो. पण एवढा ताप, एका बाजूचा आवाज आणि ही इतकी मलूल. मी वाट बघत बसणार नाही. दाखल करू, अँटिबायोटिक आत्ताच सुरू करू."

तिसऱ्या दिवशी ती पोर बिस्किटासाठी रडून वॉर्ड डोक्यावर घेत होती.

त्याच आठवड्यात एक बाबा हटून बसले, "आमच्या पोरालाही तेच अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्या." त्याच्या छातीत दोन्ही बाजूंना शिट्टी वाजत होती, घरभर सर्दी होती आणि तो खाटेवर उड्या मारत होता. बाई म्हणाल्या, "याला त्याची गरज दिसत नाही. श्वास वाढला, खाणंपिणं सुटलं, तर तडक घेऊन या." त्याला गरज पडलीच नाही.

मित्रांनो, माझ्या काचेवर जंतूचं नाव कधीच उमटलं नाही. नव्या पडद्यावरही उमटणार नाही. तो कितीही चकचकीत असो, मी त्याला घाबरत नाही. यंत्राची काळजी घ्या, थकलेली नळी वेळेवर बदला. पण लेकराकडे पाठ करून यंत्राला जाब विचारू नका.

आज सकाळी छोट्या डॉक्टरांपुढे एक बाळ आलं. पडदा चालू होता, फोटो तयार होता. त्यांनी पडद्याकडे पाठ केली, झबलं वर केलं आणि घड्याळ काढलं. टेबलाखालून मीही मोजत होते. पूर्ण एक मिनिट.

आता न्या मला भंगारात.