खालच्या गल्लीचं पाणी

वडवणीपासून आठ-दहा किलोमीटरवरच्या त्या गावात सरपंचाला न विचारता लग्नाची तारीख धरणारे पुष्कळ होते. शहादेवला न विचारता मात्र कुणी धरत नव्हतं. गावात पाणी सहा दिवसांनी एकदा यायचं आणि ते सोडणं शहादेवच्या हातात होतं. मांडवाच्या दिवशी नळ कोरडा निघाला तर वऱ्हाडापुढे नाक कापलं जायचं. ग्रामपंचायतीचा हा पाणी सोडणारा तेवीस वर्षं खांद्यावर व्हॉल्व्हची लांब चावी टाकून गावभर हिंडत होता, आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचा माज होता. कुणाला न दुखावणारा, गोड, पण माजच.

सगळ्यांत जास्त माज त्याला पाइपलाइनचा. लाइन लोखंडी, शहादेवच्या लग्नाच्याही आधीची. तिचा नकाशा कुठल्या कागदावर नव्हता, तो शहादेवच्या डोक्यात होता. आधी लाइन पडली, मग तिच्या अंगावर गटार आलं, मग गटाराला खेटून सिमेंटचा रस्ता झाला. ज्याने त्याने आपापलं काम करून फोटो काढले आणि पेढे खाल्ले. खालच्या गल्लीत तर लाइन गटाराच्या पोटातूनच जायची. फुटली की शहादेव मांडीपर्यंत घाणीत उतरायचा, सायकलची ट्यूब कापून ताणून गुंडाळायचा आणि वरून तार आवळायचा. लोक शाबास म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी घरोघर नळाची योजना आली. टाकीला निळा रंग बसला, प्रत्येक दारात नवा नळ उभा राहिला, आणि हे सगळे नवे नळ ठेकेदाराने त्याच जुन्या लाइनला जोडून दिले. रस्ता कोण फोडणार? सरपंच बंकट म्हणाला, जुनं लोखंड आहे, त्याला मरण नाही. शहादेवनेही मान हलवली. आपण जपलेल्या लाइनीला कुणी टाकाऊ म्हणावं हे त्याला सोसलंच नसतं.

सहा दिवस रिकाम्या पडलेल्या पाइपात गटाराचं पाणी झिरपतं आणि चावी फिरवली की पहिल्यांदा तेच नळाला येतं, हे त्याला ठाऊक होतं. पहिली पाच मिनिटं सांडू द्या, असं तो सांगायचाही. पण खालच्या गल्लीत पाणी सगळ्यांत शेवटी पोचायचं आणि वरच्या गल्लीतल्या मोटारी सुरू झाल्या की न सांगता जायचं. म्हणून तिथल्या बायका पहिल्या धारेखाली पिण्याचाच हंडा लावायच्या. धुण्या-भांड्याचं मिळालं तर मिळालं, पिण्यापुरतं तरी पदरात पडायला हवं. शहादेवचं घर त्याच गल्लीत, आणि त्याची बायको वत्सलाबाईही तेच करायची. पाण्याला वास यायला लागला की तो टाकीत जंतू मारायची टीसीएल पावडर दोन मुठी जास्त टाकायचा. पोतं गेल्या वर्षीचं, उघडं राहून दम गेलेलं, पण मूठ टाकली की त्याच्या मनाचं समाधान व्हायचं.

दसऱ्यानंतर निम्मं गाव दाराला कुलपं लावून ऊसतोडीला गेलं, आणि त्याच आठवड्यात शहादेवची एकुलती एक लेक ऋतुजा सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचा नवरा परमेश्वर बीडमध्ये रिक्षा चालवतो. पोरगा सरळ, बोलायला कमी. बीडच्या खोलीवर ते जारचं पाणी प्यायचे, डॉक्टरीणबाईंनीही तसं बजावलं होतं. तिला सोडून जाताना तो वडवणीच्या फिल्टरवाल्याला सांगून गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी छोटा हत्ती टेम्पो शहादेवच्या दारात थांबून ओट्यावर निळा जार उतरवून गेला.

 येणारे-जाणारे आधी जारकडे बघत होते आणि मग शहादेवकडे. शेजारच्या आसारामने तर विचारलंच, की पाणी सोडणाऱ्यालाच आता पाणी विकत लागतं काय. शहादेव त्या दुपारी ताटावर बसला आणि चतकोर भाकरी खाऊन उठला. ऋतुजाने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा पोट सावरत तीच बाहेर गेली आणि जार परत धाडून आली. त्याला चवच नाही, आपल्या नळाचं गोड लागतं, असं हसत म्हणाली. शहादेवचा ऊर भरून आला. लेक माझ्यावर गेली, हे त्याने वत्सलाबाईला दिवसातून दोनदा ऐकवलं. परमेश्वर फोनवर चिडला, तर ऋतुजानेच त्याला गप्प केलं.

महिनाभराने मेंढरं राखणाऱ्या धुळाजीचा भाऊ पिवळा पडला. पाठोपाठ आसारामची बायको, मग त्याच गल्लीतली आणखी चौघं. उलट्या, ताप, डोळे हळद लावल्यासारखे. सुरुवातीला लोक उष्णतेवर ढकलत होते. पण धुळाजी डोक्याने चालणारा माणूस. पाण्याच्या पाळीच्या एका सकाळी पारावर दहा-वीस जण जमले तेव्हा तो म्हणाला की आजारी पडलेलं प्रत्येक माणूस खालच्या गल्लीतलं आहे, पाणी तपासायला पाठवा आणि तोवर नळ बंद ठेवा. बंकट सरपंचाच्या कपाळाला आठ्या पडल्या. नळ बंद म्हणजे टँकर, टँकर म्हणजे अर्ज, अर्ज म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या योजनेचं काय झालं ही चौकशी. त्याने शहादेवकडे पाहिलं.

शहादेव उठला. पाराजवळच्या नळाला तांब्या लावला, भरला आणि सगळ्यांसमोर उभ्याने रिकामा केला.

"तेवीस वरसं ह्येच पानी पेतोय," तो म्हणाला. "मला काय झालं? आरं, माझी गरवार लेक ह्येच पानी पेतीय. आलेला जार माघारी धाडला तिनं. आता बोला."

 पोटुश्या लेकीचं नाव घेऊन बाप सांगतो म्हटल्यावर त्याच्यापुढे कोण तोंड उघडणार? धुळाजीसुद्धा धोतर झटकत उठला. बंकटने शहादेवच्या खांद्यावर हात ठेवला. इतकी खोटी गोष्ट इतक्या खऱ्या मनाने त्या पारावर आजवर कुणी सांगितली नसेल. गाव पुढच्या तीन पाळ्या तेच पाणी प्यायलं.

मग ऋतुजाला उलट्या सुरू झाल्या. पोटात बाळ असलं की होतंच, असं म्हणून वत्सलाबाईने दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे दिसले. शेजारच्या गावातली एक म्हातारी काविळीची माळ द्यायची, काड्यांची. ती डोक्यात घालायची, आणि माळ वाढत वाढत गळ्यात उतरली की कावीळ उतरली म्हणायचं. वत्सलाबाईने माळ आणली. दवाखान्यात न्यावं हे शहादेवला कळत नव्हतं असं नाही. पण दवाखान्यात न्यायचं म्हणजे गावातून न्यायचं, पारावरून न्यायचं. चार दिवस त्याने लेकीला ओट्यावरसुद्धा येऊ दिलं नाही. माणूस अब्रूपायी काय काय करतो हे सांगायला लाज वाटावी, पण झालं ते असं झालं. पाचव्या दिवशी परमेश्वर न सांगता रिक्षा घेऊन आला. ऋतुजा त्यालाच ओळखेना. त्याने तिला दोन्ही हातांवर उचललं, डोक्यातली माळ अंगणात भिरकावली आणि सासऱ्याकडे न बघता बीडचा रस्ता धरला.

घाण पाण्यातून येणारी ही कावीळ बाकीच्यांना महिनाभर झोपवून सोडून देते, दिवस भरत आलेल्या बाईला मात्र सोडत नाही, असं बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं. मूल मेलेलं जन्मलं. मुलगी होती. ऋतुजा सहा दिवस शुद्धीवर नव्हती.

त्याच दिवसांत, दवाखान्याने कळवल्यावरून, तालुक्याहून तपासणीचं पथक गावात आलं. लाइन कुठून जाते हे दाखवायला गावात दुसरं कुणीच नव्हतं, म्हणून लेकीमागे बीडला गेलेल्या शहादेवला बोलावून घेतलं. तो एसटीने आला, थेट खालच्या गल्लीत गेला आणि त्याने स्वतःच कुदळ हातात घेतली. गटाराचा काळा गाळ उपसल्यावर ट्यूबच्या पट्ट्या लागल्या. एक सोडली, तिच्याखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी. तिसरी सोडली तर आत हातभर पाइपच नव्हता. गंजून, भुगा होऊन कधीच वाहून गेला होता. उरल्या होत्या शहादेवच्या पट्ट्या आणि तारा, आणि त्यांच्यातून इतके दिवस गाव पाणी पीत होतं. शहादेव खड्ड्यात बसून राहिला. पथकातल्या माणसाने फोटो काढला.

दुपारपर्यंत तिथे नवा तुकडा बसलाही. काम अडीच तासांचं होतं. पथकाने विचारलं, आणखी कुठे असं जोडकाम आहे काय. शहादेवने तोंड उघडायच्या आत बंकट म्हणाला की नाही, एवढंच होतं, आता सगळं ठीक आहे. नवा तुकडा दाखवून त्याने सगळ्यांना चहा पाजला. तशी जोडकामं अजून अकरा होती. अकराच्या अकरा जागा शहादेव डोळे मिटून दाखवू शकला असता. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि तो बीडची गाडी गाठायला निघाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऋतुजाने डोळे उघडले. शहादेव आत आला तसा परमेश्वर स्टुलावरून उठून बाहेर गेला. शहादेव खाटेजवळ उभा राहिला. काय बोलावं ते त्याने रात्रभर जुळवलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "पोरी, मला खरंच ठाव न्हवतं."



"मला ठाव व्हतं, आप्पा," ती म्हणाली. आवाज पार बसला होता. "पहिल्याच दिशी तांब्याला वास आलता. म्हनून जार ठिवून घेनार व्हते. पर तुमी जेवला न्हाईत."

शहादेवने खाटेची कड धरली.

"पाराव तुमी माझं नाव घेतलं, त्या दिशी संदीपारी धुळाजीमामाची सून आलती, संगीता. तिलाबी चवथा म्हैना हाय. खरंच पेतीस का गं, म्हनली. म्या हो म्हनले. तुमाला खोटं कसं पाडू?" तिला धाप लागली. थोडं थांबून ती म्हणाली, "आता जावा आन तिला सांगा. पाराव हुबं ऱ्हाऊन समद्यांला सांगा. ते पानी पिऊ नका म्हनावं. आईला पाठवू नका. तुमीच जावा."

"जातो," शहादेव म्हणाला. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

तो चालतच बसस्टँडवर आला. काय सांगायचं ते त्याला आता शब्द न् शब्द माहीत होतं. अकरा जागा, पावडरीचं पोतं, बंकटचा चहा, चार दिवस घरात कोंडलेली लेक. ते सगळं बोलल्यावर त्या गावात शहादेव म्हणून काय उरेल, तेवढंच त्याला दिसत नव्हतं. उद्या पाण्याची पाळी होती. वडवणीची गाडी लागली, कंडक्टरने दोनदा हाक मारली, माणसं चढली आणि गाडी गेली. तासाभराने दुसरी लागली. तीही भरून निघाली तेव्हा ऊन कलतीला आलं होतं, आणि शहादेव अजून बाकावरच बसून होता.